गर्दी बसवणारे गिरदावर साहेब

सभेला किती माणसं आली हे सभेच्या आदल्या दिवशी सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या तहसिलीतले गिरदावर साहेब. आता त्या जागेला मंडळ अधिकारी म्हणतात. पण निजामाचं राज्य जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी आमच्या भागात लोकांच्या तोंडी गिरदावरच होतं, आणि साहेबांनाही तेच आवडायचं. त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. सही ते उर्दूतच करायचे, आणि मराठी अहवालात 'संख्या' लिहायची वेळ आली की त्यांचा हात 'तादाद' लिहून मोकळा व्हायचा. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांची तादाद खोडून मी तिथे संख्या लिहायचो. माझा अधिकार तेवढाच. पुढचा आकडा साहेबांचा.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, जिल्ह्याचं ठाणं लांब होतं. कोणी मंत्री आमच्या तालुक्यात येऊन गेला की त्या ठाण्याला अहवाल पाठवावा लागे. स्वागत कुठे झालं, निवेदनं किती आली, भाषण किती चाललं आणि शेवटी 'सभेस अंदाजे उपस्थिती'. हे शेवटचं कलम साहेबांच्या मालकीचं होतं. मंत्री उद्या येणार म्हटलं की साहेब आज मैदानावर जायचे. भर वैशाखातही अंगात लोकरी कोट, कारण कोट दौऱ्याचा आणि दौरा सरकारी. हातात छत्री. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, मध्येच थांबून छत्रीचं टोक जमिनीत रुतवायचे, डोळे बारीक करून रिकाम्या धुळीकडे बघायचे आणि आकडा सांगायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, उद्या सभेतच बघितलं तर नाही का चालणार? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"सभेच्या दिवशी माणसं मधी येतात. मैदान दिसत न्हाई."

त्यांचा सगळा हिशेब दर्जावर चालायचा. विश्रामगृहात मंत्र्याला पुढची खोली, उपमंत्र्याला मागची, हे जसं ठरलेलं, तशी गर्दीही ठरलेली. उपमंत्र्याला पाच हजार, राज्यमंत्र्याला दहा हजार, पुऱ्या मंत्र्याला पंचवीस हजार. गर्दी मोजायची नसते, बसवायची असते, असं ते मला सारखं शिकवायचे. एका नव्या तहसीलदारांनी त्यांना हटकलं की आखाडा बाळापूरच्या मैदानात पंचवीस हजार माणसं मावायची कशी, एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तरी मावायची नाहीत. साहेब म्हणाले, मैदान सरकारचंच आहे, ते ऐकेल. तहसीलदारांनी सही केली. त्यांनाही नोकरी करायची होती.

विरोधी पक्षाच्या माणसाला मात्र दर्जा नाही, म्हणून गर्दीही नाही. एकदा असाच एक विरोधी पुढारी बाळापूरला आला होता. बाजाराचा दिवस, मैदान भरून माणसं लिंबाच्या झाडावर चढलेली, बैलगाड्यांना वाट नव्हती. साहेबांनी दोनशे लिहिले. मी स्वतः तिथे घामाघूम होऊन आलो होतो, मी काही बोलायच्या आत त्यांनी मला समजावलं. आज बाजार आहे, हे सगळे बाजाराला आलेत, भाषण त्यांच्या कानावर पडलं त्याला ते काय करतील? पुढे महिनाभरात एक उपमंत्री आले. तोही बाजाराचा दिवस, तीच माणसं, तोच मिरची-मिठाचा बाजार, आणि उपमंत्र्यांसमोर खुर्च्यांवर फक्त शाळेची पोरं आणि तलाठी. साहेबांनी पाच हजार बसवले. बाजाराला आलेला प्रत्येक माणूस मनातून सभेलाच आलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

पोलीस ठाण्याचाही वेगळा अहवाल जायचा. पूर्वी एकदा त्यांचा आकडा आणि आमचा आकडा जुळला नव्हता, आणि वरून दोघांनाही खुलासे विचारले गेले होते. तेव्हापासून सभेच्या आदल्या दिवशी ठाण्याचा जमादार हॉटेलात साहेबांसमोर येऊन बसायचा, चहा सांगायचा आणि आकडा घेऊन जायचा. थोड्या वेळाने एका दैनिकाचा वार्ताहर यायचा. तो आकडा घ्यायचा आणि आपल्या भक्तीप्रमाणे त्यात भर घालायचा. असे तीन ठिकाणांहून आकडे छापून आले, लिहून आले, की वरच्यांना वाटायचं, तीन जणांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. तिन्हींचा उगम एका कपबशीत होता, हे त्यांना कोण सांगणार?

लोक इतके भाबडे की लग्नाकार्यातही साहेबांना विचारायचे. पुसेगावच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आचाऱ्याने साहेबांना पानांचा अंदाज विचारला. साहेबांनी मुलीच्या बापाचा दर्जा पाहिला आणि दोन हजार सांगितले. आली तीन-चारशे. बुंदी इतकी उरली की गावातली जनावरं आठवडाभर कडब्याला तोंड लावेनात. याच्या उलट शिरड शहापूरला एका गरीब मास्तरच्या पोरीच्या लग्नात त्यांनी शंभर सांगितले. मास्तरने सगळ्या गावाची लेकरं शिकवलेली, सगळं गाव जेवायला आलं. पहिल्या पंगतीलाच वरण संपलं. मी साहेबांना म्हटलं, अंदाज चुकला म्हणायचा. ते शांतपणे पान लावत होते.

"अंदाज बराबर व्हता. लोकं चुकले."

एवढं ऐकून कोणाला वाटेल, हा माणूस लबाड होता. तसं नव्हतं. चहापलीकडे त्यांनी कोणाचं काही खाल्लं नाही. आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. मी बौद्ध समाजाचा. त्या काळी कचेरीतले काही जण माझ्या टेबलावर कागद वरून टाकायचे, माझ्या घरी यायचं झालं तर उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायचे. गिरदावर साहेब सरळ आत येऊन खाटेवर बसायचे, माझ्या बायकोला सांगून भाकरी आणि ठेचा मागून घ्यायचे, पाणी माझ्याच तांब्यातलं प्यायचे. दर्जा खुर्चीला असतो, माणसाला नसतो, असं त्यांचं मत होतं. ज्या माणसाने सगळ्या तालुक्याला दर्जा वाटत आयुष्य काढलं, त्याने माझ्या घरात तो कधी आणला नाही. माझा त्यांच्यावर जीव होता तो यासाठी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाळापूरच्या अलीकडे माळावर पाझर तलावाचं काम निघालं, आणि पाच-सात गावचे लोक तिथे मातीवर गेले. माझी आत्या त्यात होती. तिच्या घरात तीच कमावती, नवरा खाटेला खिळलेला. रोज पहाटे निघायची, टोपलीने माती वाहायची, दुपारी कामावर मिळणारी सुकडी अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधून घरी न्यायची. मजुरी पंधरवड्याला मिळायची आणि ती मिळाली की चूल पेटायची. एवढा तिचा संसार त्या कामावर होता.

त्याच दिवसांत एक मंत्री दुष्काळाची पाहणी करायला आले. पुरे मंत्री. सभा बाळापूरला, पण त्या दिवशी बाजार नव्हता. बाजार नाही आणि लोक सगळे कामावर, तेव्हा मैदानात आली कोण? शाळा सोडून आणलेली पोरं, ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे दोन-चार लोक आणि सावली दिसली म्हणून आलेली गाढवं. धरून धरून पाचशे. साहेबांनी आदल्या दिवशीच छत्री रुतवून ठेवली होती. पंचवीस हजार. अहवाल गेला, पेपरात बातमी आली, सगळं नेहमीसारखं झालं.

पण वरच्या कचेरीत कोणी तरी नवा हुशार माणूस आला होता. आमच्या नशिबाने त्याला दोन कागद एकदम वाचायची सवय होती. त्याने एका हातात सभेचा अहवाल घेतला आणि दुसऱ्या हातात त्या दिवसाचं कामावरचं हजेरीपत्रक. हजेरी जवळजवळ पुरी. पत्र आलं ते असं, की आसपासच्या गावांतून पंचवीस हजार लोक सभेत होते, तर त्याच दिवशी माती वाहायला कामावर कोण होतं? एकच माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही. मंत्रिमहोदयांची सभा खोटी असू शकत नाही. तेव्हा हजेऱ्या खोट्या आहेत. मजुरी रोखून धरावी. उपजिल्हाधिकारी स्वतः चौकशीला येतील आणि हजेऱ्या खोट्या आढळल्या तर काम बंद करतील.

कागदावरची माणसं उठून जिवंत माणसांच्या ताटात बसली होती. तहसीलदार म्हणाले, यात आपल्याला काही करता येणार नाही, मंत्र्यांची सभा लहान करणारा गिरदावर अजून जन्माला यायचाय. दिवसभर विचार करून साहेबांनी एक खुलासा लिहिला, आणि तो लिहिल्यावर त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. खुलासा असा, की हजेऱ्या खऱ्या आहेत आणि सभाही खरी आहे, सभेला आलेले लोक पैनगंगेच्या पलीकडून, विदर्भातून आले होते. मलाही वाटलं, सुटलो. आठवड्याभरात उत्तर आलं. नदीपलीकडच्या जिल्ह्यालाही कळवण्यात येत आहे, त्यांच्याही दुष्काळी कामावरच्या हजेऱ्या तपासाव्यात. साहेबांनी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले. या किनाऱ्याच्या चुली विझवल्या त्या पुरल्या नव्हत्या, आता नदी ओलांडून गेलो, असं काहीसं ते स्वतःशीच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी आत्या कचेरीत आली. सोबत दोघी-तिघी बाया. मला जयभीम केला, साहेबांना रामराम केला आणि दारातच उभी राहिली. पंधरवडा उलटून गेला होता, मजुरी नव्हती. मुकादमाने सांगितलं होतं की सरकार म्हणतं तुम्ही कामावर नव्हता, सभेला होता. आत्या मला काही विचारायला आलीच नव्हती. ती सरळ साहेबांकडे बघत होती.

"सायब, त्या दिशी तुमी जीपमदून उतरले व्हते. सभेला चला म्हनले. मी काय म्हनले तुमाला?"

साहेबांनी टेबलावरचं ते पत्र उलटं करून ठेवलं.

"मी म्हनले, खाडा पडंल. एक खाडा पडला तर माह्या घरी दोन सांजा चूल पेटत न्हाई. तुमी हसले आन् गेले. मंग आता काहून म्हनून राहिले का आमी तिथं व्हतो?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. ती गेल्यावर साहेबांनी कोट घातला, छत्री घेतली आणि मला म्हणाले, चल, मोजून येऊ. चौकशीला डिप्टीसाहेब, म्हणजे उपजिल्हाधिकारी, आले की कामावर इतकी माणसं आहेत म्हणून छातीठोक सांगायचं. मला जरा गंमत वाटली. साहेबांनी माणसं मोजलेली मी कधी पाहिली नव्हती.

तलावावर गेलो. उन्हाने माळ पांढरा पडला होता. मजुरी रोखलेली, तरी सगळे कामावर होते, कारण न जाऊन सांगणार कोणाला? साहेब एका टोकाला उभे राहून बोटाने मोजायला लागले. बाया टोपल्या घेऊन खड्ड्यातून वर जायच्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायच्या. मोजलेली बाई पुन्हा समोर यायची. साहेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एका झोळीत लेकरू रडत होतं, त्याला धरायचं की सोडायचं यावर ते अडले. एक म्हातारा कुदळ टेकवून त्यांना विचारायला लागला की मजुरी कधी येईल, आणि त्याला उत्तर देण्यात आकडा गेला. एक बाई दिवस गेलेली होती, तिला त्यांनी बसायला सांगितलं, ती म्हणाली, बसले तर खड्डा कमी भरंल. पुन्हा आकडा गेला. तीन-चार वेळा असं झाल्यावर ते बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत येऊन बसले. कोट घामाने भिजला होता. मी म्हटलं, साहेब, मुकादमाला विचारू. ते नाही म्हणाले.

"पंचवीस हजार बसवायला मला एक चहा लागतो. हे शे-दीडशे काहून बसून न्हाई राहिले?"

उत्तरही त्यांनीच दिलं. म्हणाले, हे हलतात. मग डोळ्यांवर हात घेऊन बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत बसले. आकडा त्या दिवशी ठरलाच नाही.

डिप्टीसाहेब आले ते थेट कामावरच. खुर्ची मांडली गेली, तहसीलदार मागे उभे राहिले, मजूर लांब घोळका करून उभे. डिप्टीसाहेबांनी साहेबांना विचारलं, सभेचा आकडा तुमचा? साहेब म्हणाले, माझाच. मग आता सांगा, त्या दिवशी हे लोक सभेत होते की इथे? तहसीलदार मागून खोकले. तो खोकला मला आजही ऐकू येतो. साहेबांची नोकरी संपत आलेली. दोन मुलींची लग्नं व्हायची होती. मागे सरकून 'वरून विचारून सांगतो' म्हणायला काही हरकत नव्हती, चौकशा अशाच लांबत जातात. माझी आत्या घोळक्यात पुढे उभी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

"मंत्रीसाहेबांचा दर्जा पंचवीस हजाराचा व्हता, हुजूर. माणसं पाचशे व्हती. त्याच्यात शाळेची लेकरं. हे लोकं इथं व्हते. मी बलावलं तरी आले न्हाईत."

डिप्टीसाहेबांनी विचारलं, लिहून देता? साहेबांनी तिथेच गुडघ्यावर फळी घेऊन लिहून दिलं. या वेळी मी 'तादाद' खोडली नाही.

मजुरी आठ दिवसांत वाटली गेली. काम चालू राहिलं. सभेचा अहवाल मात्र कोणी बदलला नाही, मंत्र्यांची गर्दी कमी करायची तर पुन्हा मंत्र्यांनाच विचारावं लागलं असतं. तेव्हा पंचवीस हजारही राहिले, मजूरही राहिले, फक्त साहेब गेले. त्यांना मुअत्तल, म्हणजे निलंबित, केल्याचा हुकूम आला. मी तो तीनदा वाचला. मंत्रिमहोदयांच्या सभेची उपस्थिती जबानीत कमी दाखवल्याबद्दल, असं कारण दिलं होतं. आयुष्यभर वाढवून दाखवल्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मला इतका संताप आला की कागद फाडावा वाटला. साहेबांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला.

ते गावी निघाले त्या दिवशी मोटारस्टँडवर मी आणि कचेरीचा शिपाई, दोघंच होतो. तहसीलदार दौऱ्यावर होते, जमादार आणि वार्ताहर एका उपमंत्र्याच्या मागे होते. एक ट्रंक, एक वळकटी, आणि तोच कोट. मी वाट पाहत होतो की निदान तलावावरच्या बाया येतील. मी आत्याला आदल्या दिवशी निरोप दिला होता. मोटार लागली, कंडक्टरने ट्रंक टपावर चढवली, तरी रस्त्यावर कोणी दिसेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी साहेबांना म्हटलं, माफ करा, तुमच्यामुळे त्यांना मजुरी मिळाली आणि एक बाई आली नाही.

साहेब खिडकीत बसले होते. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"न्हाई आल्या ते बराबर केलं. आल्या असत्या तर मला वाटलं असतं, काम बंद पडलं."